खालच्या घरचा विडा

मावसिर,
१३ नोव्हेंबर १९७८

पूज्य ओंद्रो मामा,

खुब्लेई. हे पत्र मी आधी पाटीवर लिहून पाहिलं आणि मग कागदावर उतरवलं. संत्री घेऊन बाजाराला निघालेली माणसं दारात थांबली आहेत, म्हणून शेवट घाईचा होईल. चुका राहिल्या तर क्षमा करा.

तुमच्या पायाला अजून किती दिवस लाकडं बांधून ठेवणार, ते कळवा. मेई रोज विचारते, 'माझा भाऊ घरी कधी येणार?' गाव तुमची आठवण काढतं, पण हसत हसत. चहाच्या दुकानवाली काँग ड्रिप म्हणाली, "सगळं गाव पाठीवर घेऊन पायऱ्या चढला, कधी घसरला नाही. आणि पडला कुठून? स्वतःच्या संत्र्याच्या झाडावरून!" मी रागावून उठलो, तर म्हणाली, "बस रे, चहा संपव. त्याच्यावर हसायचा हक्क आहे मला. दोनदा नेलंय त्याने मला वर."

रविवारी उपासनेनंतर आपल्या मंडळीचे पुढारी बा केरिओस यांनी मला थांबवलं आणि तुमची पाठीवर घ्यायची वेताची खुर्ची माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "ओंद्रोचा निरोप आहे. दवाखान्यात न्यायची माणसं आता तू वर रस्त्यापर्यंत न्यायचीस." मामा, तुम्ही मला विचारलं नाहीत. मंडळीत माझ्यापेक्षा धिप्पाड मुलं आहेत. मी हो म्हणालो, कारण तुमचा निरोप होता.

सराव करतो आहे. आधी संत्र्यांची गोणी बांधून चढलो. मग काँग ड्रिप स्वतःच येऊन बसली. "मला नेलंस तर उद्या म्हैसही नेशील," म्हणाली. तिचं तोंड मागे, माझं पुढे. ती राणीसारखी सगळ्यांना हात हलवत होती आणि मला घामाने समोरचं दिसत नव्हतं.

एक गोष्ट विचारायची आहे. सगळ्यात खालच्या घरातल्या मेई थ्रिनची मुलगी इबारी गरोदर आहे. नवरा कोळशाच्या खाणीत दूर. नाताळाच्या सुमारास तिचे दिवस भरतील. पहिलं मूल जन्मतानाच गेलं, दाईने या वेळी हात वर केले आहेत. तिला न्यायची वेळ आली तर मलाच जावं लागेल का? त्या घराबद्दल लोक काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
तेइबोर


शिलाँग,
२१ नोव्हेंबर

बाळा तेइबोर,

खुब्लेई. आठवीपर्यंत शिकलास, पण पत्र असं लिहितोस की जणू साहेबाला अर्ज करतो आहेस. आणखी एकदा 'क्षमा करा' लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

पाय बरा आहे. मी बरा नाही. इथे डाळ इतकी पातळ की तिच्यात माझाच चेहरा दिसतो. सुकटाची चटणी मागितली तर नर्सबाई नाक दाबून पळाली. मिशनच्या दवाखान्यात माणसं फार चांगली, जेवण फार पवित्र.

आता नीट वाच. पट्टा कपाळावर घ्यायचा, भुवयांवर नाही. आधी काठी टेकायची, मग पाय उचलायचा. वरच्या पायऱ्या मोजायच्या नाहीत, पुढची तेवढी बघायची. आणि बसलेल्याशी बोलत राहायचं. तुला पायरी दिसते, त्याला मागे नुसती दरी दिसते. त्याची भीती तुझ्याहून मोठी.

आणखी एक. उचलण्याआधी त्या घरचा विडा खायचा. मी कधी चुकवलं नाही. घरात पाहुणा होऊन शिरायचं, दोन शब्द बोलायचे, पान-सुपारी तोंडात टाकायची, मग पाठ द्यायची. हमालासारखा दारातूनच उचलून निघालास तर आजारी माणसाला वाटतं, आपण गोणी झालो.

तू विचारलंस, खालच्या घरी जावं लागेल का. लागेल. आणि विडा खाऊनच.

लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. रोगाने सगळ्यांच्या संत्र्यांच्या बागा गेल्या, थ्रिनची टिकली. त्याच वर्षी शेजारचं लेकरू दगावलं. झालं! थ्रिनने घरात साप पाळलाय, तो माणसाच्या रक्तावर जगतो आणि घराला धन देतो. लेका, तिचं छप्पर पाहिलंस कधी? धन देणारा साप, आणि टिनाला भोकं!

मामा


मावसिर,
२९ नोव्हेंबर

पूज्य मामा,

तुमचं पत्र मी चार-पाचदा वाचलं. छपराचं वाचून हसलो, पण मग भीती परत आली. मी खोटं लिहिणार नाही. सापावर माझा विश्वास नाही असं मी दिवसा म्हणू शकतो. पण लहानपणापासून त्या घरावरून जाताना आम्ही श्वास रोखून पळालो आहोत. त्या घरचं पान खाल्लं की माणूस झिजत जातो, हे अंगात भिनलेलं आहे. मेंदूला समजावता येतं, घशाला कसं समजवू?

बा केरिओस यांना विचारलं. ते म्हणाले, "खुर्ची मंडळीची आहे. थ्रिन कित्येक वर्षांत उपासनेला आलेली नाही. बाहेरच्यांची जबाबदारी आपल्यावर नाही." मग म्हणाले, "पण मी तुला जाऊ नको असं म्हटलं, असं ओंद्रोला लिहू नकोस." मी लिहितो आहे, कारण तुमच्यापासून लपवणं मला जमत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. मी खालच्या घरी जाणार, हे दाफीच्या आईच्या कानावर गेलं आहे. मार्चमध्ये दाफीशी लग्न करून मी ज्या घरी राहायला जायचं, त्या घराची मालकीण ती. परवा पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "जावई बाजारातून काहीही घेऊन येवो, पण खालच्या घरची सावली घेऊन माझ्या उंबऱ्यात यायचं नाही." दाफी शेजारी उभी होती. ती कळशी भरत राहिली. तिचं ते गप्प राहणं मला आईच्या बोलण्याहून जास्त लागलं.

मी असं ठरवलं आहे. बोलावणं आलं तर जाईन. पण विडा खाणार नाही. दाढ दुखते म्हणेन. असं चालेल का?

तेइबोर


शिलाँग,
६ डिसेंबर

तेइबोर,

दाढ? बत्तिशी शाबूत असलेल्या पोराची दाढ दुखते, आणि तीही नेमकी खालच्या घरी!

ऐक. प्रभू लोकांच्या घरी जेवायला जायचा. कोणाकोणाच्या घरी जातो म्हणून शहाणे लोक नावं ठेवायचे. तो म्हणाला असता, 'तुमच्या आजाऱ्याला बरं करतो, पण ताट नको, दाढ दुखते,' तर आज आपण त्याचं नाव घेतलं असतं का? थ्रिनला पाठ देणारा एखादा मिळेलही, भाडं दिलं तर. तिच्या हातचं खाणारा कोणी नाही. तिचं दुखणं तिथे आहे.

केरिओसला सांग, खुर्ची मंडळीची नाही, वेताची आहे. वेत जंगलातला. जंगल कोणाचं, ते त्याने प्रार्थनेत विचारावं.

दाफीबद्दल मी काही बोलणार नाही. भाच्याच्या संसारात बोलायचा मामाला हक्क असतो, पण इथे मला भीती वाटते, म्हणून गप्प बसतो. बघ, मलाही भीती वाटते.

आज्ञा अर्धी पाळता येत नाही, बाळा. अर्धी पाळलेली आज्ञा म्हणजे नुसती मजुरी. मी सांगितलं ते केलंस तर पूर्ण कर. नाहीतर खुर्ची केरिओसच्या दारात ठेवून ये. मी रागावणार नाही. प्रामाणिकपणे लिहितो, रागावणार नाही.

मामा


शिलाँग,
१५ डिसेंबर

गाढवा,

मी इतकं लिहिलं, तुझं एका ओळीचं उत्तर नाही. रागावला असशील असं धरून चाललो होतो. आणि काल दुपारी नर्सबाई सांगते, "आजोबा, तुमच्या मावसिरहून संत्र्यांच्या ट्रकमधून एक बाळंतीण आली आहे." मी चाकाच्या खुर्चीतून जाईपर्यंत तिला आत नेलं होतं. बाहेर बाकावर थ्रिन बसलेली. पायांत चिखल, मांडीवर पानांची पिशवी.

संध्याकाळी पोट कापून मूल काढलं. मुलगी! रडली ती अशी, की आमच्या वॉर्डात ऐकू आलं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने दचकून खुणेनेच विचारलं, कोण आलं? मी म्हणालो, "घराची मालकीण आली." इबारी अजून अशक्त आहे, पण धोका टळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा जरी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या.

तेइबोर, तू तिला आणलंस. मी पुन्हा पुन्हा हे वाक्य मनात म्हणतो आहे.

पण मला एक कळेना. थ्रिनला विचारलं, कसं झालं सगळं? ती नुसती रडते. खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या भाच्याने मागितलं हो." आणि पुन्हा पदर डोळ्यांना. काय मागितलंस? पैसे मागितलेस का तिच्याकडे? खरं सांग. तसं असेल तर पाय लंगडा असला तरी मी खाली येऊन तुझे कान उपटीन.

मामा


मावसिर,
१९ डिसेंबर

पूज्य मामा,

मी पैसे मागितले नाहीत. तुम्हाला तसं वाटलं, याचं मला वाईट वाटलं, आणि मग हसू आलं. आता सगळं क्रमाने लिहितो.

तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही ठरलं नव्हतं. एकदा खुर्ची घेऊन बा केरिओस यांच्या दारापर्यंत गेलोही. ते घरी नव्हते. परत आलो.

त्या दिवशी सकाळी मी अंगणात संत्री टोपल्यांत भरत होतो. मेई थ्रिन आली. अंगणात शिरली नाही, कुंपणाबाहेरच उभी राहिली. काही मागायचं असलं तरी ती कोणाच्या अंगणात पाऊल टाकत नाही, हे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "कळा थांबल्यात," एवढंच म्हणाली. "पण मूल येत नाही." माझी मेई आतून आली. मला वाटलं, ती अडवील. तिने भिंतीवरची खुर्ची काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मामाने सांगितलंय ना? मग उभा काय राहिलास?"

खाली उतरताना मी वाटभर मनाची तयारी करत होतो. ती विडा पुढे करील, मी डोळे मिटून घेईन, चावीन, गिळीन. पण मामा, तिने विडा पुढे केलाच नाही.

घरात पानाचा डबा दिसत होता. तिने मला बघितलं आणि तो डबा उचलून माळ्यावर सरकवून ठेवला. घाईघाईने, लाज वाटावी तसा. कोणी घेणारच नाही तर पुढे करून पाहुण्याला अवघडून कशाला टाकायचं, अशी तिला सवय झालेली. मी सुटलो होतो. तुमचा नियम मोडल्याचा दोष माझ्यावर नव्हता. विडा मिळालाच नाही असं मी तुम्हाला खरं खरं लिहू शकलो असतो. इबारी चटईवर पडून माझ्याकडे बघत होती. ओठ पांढरे पडलेले.

मी खुर्ची खाली ठेवली आणि म्हणालो, "मेई, मला विडा हवा."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "पाणी देऊ का, बाळा?" म्हणाली.

"पाणी नको. पान द्या. पाहुणा आलोय मी."

ती माळ्याशी गेली. डबा काढला. सुपारी कातरली. पानाला चुना लावला, घडी केली, विडा दोन्ही हातांनी पुढे धरला. मी खाल्ला. कच्ची सुपारी, कान तापले, घाम फुटला. कोणत्याही घरच्या विड्यासारखाच विडा होता, मामा. इबारी चटईवरून हसली. इतक्या वेदनेत हसली आणि म्हणाली, "चुना जास्त झाला असेल. आईचा हात नेहमी सढळ." मी म्हणालो, "झालाय खरा." मग मी पाठ दिली.

पट्टा कपाळावर, काठी आधी. मी बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. बहुतेक शाळेतल्या कविता आणि काँग ड्रिपच्या वजनाबद्दल. इबारी कण्हत होती आणि मध्येच म्हणत होती, "मी तिच्याहून जड आहे का?" मागे मेई थ्रिन पानांची पिशवी घेऊन चढत होती. टेकायच्या प्रत्येक दगडावर ती मला विडा द्यायची आणि मी खायचो. आपल्याकडे वाटेचं अंतर विड्यांनीच सांगतात. ती वाट मला कधी एवढी लांब वाटली नव्हती.

दारादारांत माणसं उभी होती. माझे लाल ओठ सगळ्यांना दिसत होते, आणि मी कोणत्या घरून निघालोय तेही. एरवी तुमच्या खुर्चीमागे बदलीला पोरं धावतात. माझ्यामागे कोणी आलं नाही. एकजण ओरडला, "तेइबोर, लग्नाचं जेवण आता तिकडेच का?" मी पुढच्या पायरीवर काठी टेकली. ओरडायला दम नव्हता.

प्रार्थनामंदिराजवळच्या मोठ्या दगडावर मी खुर्ची टेकवली आणि परत उठता येईना. मी प्रयत्न केला, गुडघा वाकला, पुन्हा बसलो. इबारीचं कण्हणं थांबलं होतं. ते थांबणं मला फार भयंकर वाटलं. तिथे बा केरिओस होते, दाफीचे दोघे भाऊ होते, दाफीची आई होती, आणखी पुष्कळ. सगळे बघत होते. मेई थ्रिनने सवयीने पिशवीत हात घातला आणि माझ्यासाठी विडा लावला.

तेव्हा दाफी गर्दीतून आली. सरळ मेई थ्रिनसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. "मलाही द्या."

तिची आई ओरडली, "दाफी!"

"काय झालं? तो एवढे खाऊन वर आलाय, मेला का?" दाफी म्हणाली. विडा तोंडात टाकला, चावला, आणि भावांकडे वळली. "तुम्हाला काय आमंत्रणपत्रिका हवी? त्याचे पाय बघा. उचला!"

थोरला भाऊ आईकडे बघायला लागला. धाकटा आला. त्याने माझ्या कपाळावरचा पट्टा काढून स्वतःच्या कपाळावर घेतला. मग थोरलाही आला. मग चहाच्या दुकानातली पोरं आली. मामा, त्यानंतर खुर्ची खाली टेकलीच नाही. एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जात राहिली. बा केरिओस सगळ्यांच्या पुढे धावत होते, या वयात, धोतरासारखी विजार सावरत, आणि रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला ओरडत होते, "थांब! संत्री उतरव! माणूस आहे!"

ट्रक गेल्यावर मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. दाफी शेजारी बसली. म्हणाली, "पाणवठ्यावर मी गप्प बसले, म्हणून राग आहे ना तुला?" मी म्हणालो, "आहे." ती म्हणाली, "मी बघत होते. तू जाशील की नाही, ते. न जाणाऱ्या माणसाला आमच्या घरात घेऊन करू काय?"

तिची आई माझ्याशी बोलत नाही. पण काल तिने आमच्याकडे हळदीचं रोप पाठवलं. याचा अर्थ काय, मला कळत नाही.

तेइबोर


शिलाँग,
२३ डिसेंबर

माझ्या बाळा,

तुझं पत्र मी वाचलं. मग नर्सबाईला वाचायला दिलं. मग शेजारच्या म्हाताऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो कानडी की बंगाली कोण आहे देवाला ठाऊक, त्याला खासी येत नाही, पण दाफीने हात पुढे केला तिथे तोही टाळ्या वाजवायला लागला. माझ्या आवाजावरून ओळखलं असेल.

मी तुला विडा खायला सांगितलं होतं. मागायला सांगितलं नव्हतं. ते तुझं तू केलंस. मी तिथे असतो तर मला सुचलं असतं का, माहीत नाही. डबा माळ्यावर गेलेला मी पाहिलाही नसता कदाचित.

डॉक्टरीणबाई म्हणतात, पाय जुळेल पण ओझं घेता येणार नाही. हे ऐकून मी रडेन असं त्यांना वाटलं. मी त्यांना म्हणालो, "बाई, खुर्चीला आता मालक मिळालाय."

इबारी आणि तिची लेक नवं वर्ष लागल्यावर खाली येतील. तिला अजून पायऱ्या उतरता येणार नाहीत. तू वर रस्त्यावर जाऊन थांब. एकट्याला उतार जड जाईल, कोणीतरी जोडीला घे.

हळदीचं रोप पाठवलं म्हणजे लाव अंगणात, मूर्खा. मार्चपर्यंत रुजेल.

मामा


मावसिर,
८ जानेवारी १९७९

पूज्य मामा,

इबारी आणि मेई थ्रिन घरी परत आल्या. तुम्ही लिहिलंत तसं मी आदल्या दिवशी खुर्चीचे सांधे नव्या वेताने बांधले, पट्ट्याला तेल चोळलं आणि पहाटेच निघालो. जोडीला दाफीच्या धाकट्या भावाला विचारून ठेवलं होतं. वाटेत त्याने दोघांना सांगितलं, त्या दोघांनी आणखी कोणाला. मी रस्त्यावर पोहोचलो तर तिथे जत्रा भरल्यासारखी माणसं. काँग ड्रिपने चहाची किटली वर आणली होती. "फुकट नाही हं," म्हणत होती आणि कोणाकडूनही काही घेत नव्हती.

इबारी गाडीतून उतरली, मूल छातीशी. इतकी माणसं बघून ती घाबरली. मेई थ्रिन तिच्या पुढे येऊन उभी राहिली, हात पसरून, जणू आम्ही काही करणार आहोत. तेव्हा बा केरिओस पुढे झाले. त्यांनी टोपी काढली. मला वाटलं, ते प्रार्थना करतील. ते नेहमी लांबलचक करतात. ते एवढंच म्हणाले, "थ्रिन, आमची चूक फार जुनी आहे. रविवारी मी खाली येतो तुला न्यायला. येशील का?"

मेई थ्रिनने पसरलेले हात खाली घेतले. मग म्हणाली, "पायऱ्या उतरून चढायचं वय आहे का तुमचं? मी येईन माझी माझी." लोक हसले. बा केरिओस सर्वांत मोठ्याने हसले.

मुलीचं नाव इबारीने अजून ठेवलेलं नाही. सगळं गाव सुचवतं आहे.

मग खुर्चीत इबारीला बसवलं. मी पट्टा कपाळावर घ्यायला वाकलो, तर दाफीच्या थोरल्या भावाने मला बाजूला सारलं. "तुझं झालंय," म्हणाला. पहिल्या दगडाशी मी म्हणालो, आता मी घेतो. तिथे चहाच्या दुकानातली पोरं आधीच रांगेत होती. प्रार्थनामंदिराशी पुन्हा मागितली. तिथे बा केरिओस यांचा नातू घेऊन पळाला. मी सगळ्यांच्या मागे रिकाम्या हातांनी उतरत होतो, आणि पुढे, आमच्याकडे तोंड करून बसलेली इबारी दरीकडे न बघता आम्हा सगळ्यांकडे बघत होती.

मामा, तुम्ही मला ती खुर्ची सोपवलीत. खालच्या घरापर्यंत मी सारखा मागत राहिलो, पण मला कोणी ती एका पायरीपुरतीही उचलू दिली नाही.

तुमचा भाचा,
तेइबोर